कण त्या वाटेने गेलाच नाही

द्रव्याचे कणस्वरूप शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकांत आणि तक्त्यांत एक आकृती वारंवार भेटते. चौकटींच्या कागदावर काही टिंबे असतात, ती सरळ रेघांनी जोडलेली असतात आणि त्यातून एक वेडीवाकडी, कोपऱ्याकोपऱ्यावर वळणारी रेषा तयार झालेली असते. खाली लिहिलेले असते, 'ब्राउनियन गतीतील कणाचा मार्ग'. शेजारच्या मजकुरात बहुधा असे दोन-तीन वाक्यांचे स्पष्टीकरण असते: पाण्याचे रेणू सतत हालचाल करत असतात, ते कणावर आदळतात, आणि प्रत्येक धडकेसरशी कण आपली दिशा बदलतो. परीक्षेत हे उत्तर लिहिले की पूर्ण गुण मिळतात.

या लेखात त्या आकृतीची आणि त्या स्पष्टीकरणाची तपासणी करायची आहे. आकृती अस्सल आहे, पण तिच्याखालचा मथळा चूक आहे. स्पष्टीकरण तर मथळ्याहूनही चूक आहे, कारण एकोणिसाव्या शतकात नेमक्या याच स्पष्टीकरणाच्या आधारे ब्राउनियन गतीचा रेणूंशी काही संबंध नाही, असे सिद्ध करून दाखवले गेले होते. म्हणजे जो युक्तिवाद रेणूंच्या विरुद्ध वापरला गेला, तोच आपण रेणूंचा पुरावा म्हणून मुलांना देतो आहोत.

मूळ आकृती काय सांगते?

ही आकृती फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेरँ याची. पॅरिसमध्ये १९०८ पासून त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ब्राउनियन गतीवर प्रयोग केले आणि १९१३ मध्ये 'अणू' याच अर्थाच्या नावाचे एक छोटे पुस्तक फ्रेंचमध्ये लिहिले. त्याचा इंग्रजी अनुवाद १९१६ मध्ये निघाला. पेरँला १९२६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः या कामासाठी.

आकृतीतला कण मस्तकी नावाच्या राळेचा आहे. त्याची त्रिज्या ०.५३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी. सूक्ष्मदर्शकाखाली हा कण कुठे आहे ते दर ३० सेकंदांनी एकदा कागदावर टिंब देऊन नोंदवले गेले. मग ओळीने येणारी टिंबे सरळ रेघांनी जोडली गेली.

म्हणजे खरी निरीक्षणे फक्त टिंबांची आहेत. रेघा पट्टीने ओढलेल्या आहेत. गावातला पोस्टमन दर तासाला कुठे दिसला ते नकाशावर टिंबांनी दाखवावे आणि टिंबे सरळ रेघांनी जोडावीत, तर पोस्टमन घरांच्या भिंतींतून आरपार गेला असे दिसेल! तो नेमका कोणत्या गल्लीने गेला हे त्या रेघेला ठाऊकच नसते.

पेरँने हे झाकून ठेवलेले नाही. आकृतीसोबतच त्याने बजावले आहे की, हीच नोंद दर सेकंदाला केली असती तर प्रत्येक सरळ रेघेच्या जागी तीस तुकड्यांची एक नवी वाकडीतिकडी रेषा आली असती, आणि ती या संपूर्ण आकृतीइतकीच गुंतागुंतीची दिसली असती. कोणत्याही बिंदूपाशी या मार्गाला ठरावीक दिशाच देता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. अशा, कुठेही स्पर्शिका काढता न येणाऱ्या वक्रांचे गणित नॉर्बर्ट वीनर याने १९२३ मध्ये उभे केले, त्यामागे पेरँचे हे निरीक्षण होते. पाठ्यपुस्तकांनी आकृती उचलली आणि इशारा मागे ठेवला.

आता विद्यार्थ्याच्या बाजूने पाहू. तो वाचतो की धडकेमुळे कण वळतो, आणि आकृतीत त्याला कोपरे दिसतात. साहजिकच तो समजतो की प्रत्येक कोपरा म्हणजे एक धडक. वस्तुतः कोपरा तिथे आला, कारण तेव्हा घड्याळात ३० सेकंद पूर्ण झाले होते.

एका धडकेने कण किती हलतो?

यावर कोणी म्हणेल, 'तपशील थोडा सुटला, पण मूळ कल्पना तर बरोबर आहे ना? रेणू आदळतो आणि कण हलतो!' म्हणून थोडा हिशेब करू. अकरावीच्या विद्यार्थ्याला तो सहज जमेल.

पेरँच्या कणाचे वस्तुमान पाण्याच्या एका रेणूच्या सुमारे दोन हजार कोटी पट भरते. पाच टनी हत्ती आणि खसखशीचा एक दाणा यांच्यात साधारण एवढेच प्रमाण असते. साध्या तापमानाला पाण्याच्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे ६४० मीटर असतो. असा एक रेणू समोरून आदळून परत फिरला, तर संवेगाच्या अक्षय्यतेनुसार कणाच्या वेगात पडणारा फरक सेकंदाला एका मायक्रॉनच्या साधारण विसाव्या भागाएवढा येतो. हा वेगही टिकत नाही. भोवतालचे पाणी कणाला सेकंदाच्या सुमारे दीड कोटीव्या भागात थोपवते. तेवढ्या अवधीत कण जितका सरकतो ते अंतर जवळजवळ अणूच्या केंद्रकाएवढे असते. अणूएवढे नव्हे, अणूच्या केंद्रकाएवढे! साध्या सूक्ष्मदर्शकातून आपल्याला मायक्रॉनच्या पाचव्या भागापेक्षा बारीक तपशील दिसत नाही. तेव्हा एका धडकेने झालेली हालचाल कोणीही कधी पाहिलेली नाही, आणि आकृतीत ती दिसणे तर अशक्यच आहे.

हा आक्षेप नवा नाही. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली याने १८७९ मध्ये असाच हिशेब मांडला होता. एका धडकेचा परिणाम नगण्य; धडका सर्व बाजूंनी सारख्याच येतात, म्हणून त्या एकमेकींना खोडून काढतात; सबब ही हालचाल रेणूंमुळे होऊ शकत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पाठ्यपुस्तकातले वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला उद्या कोणी नेगेलीचा प्रश्न विचारला, तर त्याच्यापाशी उत्तर नसेल.

पोलिश भौतिकीविज्ञ मारियान स्मोलुचोव्स्की याने १९०६ मध्ये नेगेलीचे म्हणणे नेमके कुठे चुकते ते दाखवले. हिशेबाचा पहिला भाग बरोबर आहे. चूक आहे ती 'खोडून काढतात' या शब्दांत. नाणे शंभर वेळा उडवले तर पन्नास छापे आणि पन्नास काटे क्वचितच पडतात. दहाएक संख्येचा फरक सहज पडतो. उडवण्यांची संख्या वाढवली की हा फरक तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. कणाला एका वेळी साडेतीन-चार कोटी रेणू टेकलेले असतात आणि सेकंदाला होणाऱ्या धडकांची संख्या १० च्या २० व्या घाताच्या घरात जाते. तिचे वर्गमूळ १० चा १० वा घात, म्हणजे एक हजार कोटी. तेव्हा धडका पूर्णपणे खोडल्या जात नाहीत. एका सेकंदात एका बाजूच्या हजार कोटी धडका शिल्लक राहू शकतात. कण हलतो तो धडकेमुळे नव्हे, तर धडकांच्या बेरीज-वजाबाकीत उरलेल्या शिल्लकेमुळे. सारा फरक या एका शब्दात आहे, आणि पाठातून गळालेला शब्द नेमका हाच आहे.

ढकलणारे तेच, अडवणारेही तेच

पण 'शिल्लक' म्हणूनही गोष्ट पुरी होत नाही. एका धडकेचा परिणाम आणि हजार कोटी ही शिल्लक यांचा सरळ गुणाकार करून पाहावा. कणाचा वेग ताशी दोन हजार किलोमीटरच्या आसपास येतो! हे उघडच हास्यास्पद आहे. मग राहिले काय?

राहिला तो द्रव. कण एका दिशेने किंचित वेगाने जाऊ लागला की समोरून येणारे रेणू त्याला अधिक जोराने भेटतात आणि मागून येणारे कमी जोराने. हाच द्रवाचा रोध. ज्या रेणूंनी कणाला गती दिली तेच रेणू ती गती हिरावून घेतात. ढकलणे आणि अडवणे हे दोन वेगळे गुणधर्म नाहीत, एकाच गर्दीच्या वागण्याच्या दोन बाजू आहेत. या दोहोंचा जिथे तोल साधतो तिथे कणाचा सरासरी वेग ठरतो, आणि पेरँच्या कणासाठी तो सेकंदाला सुमारे ४ मिलिमीटर येतो.

आइन्स्टाइनच्या १९०५ मधील निबंधाचे खरे मर्म इथे आहे. कण ठरावीक वेळात मूळ जागेपासून किती दूर जाईल, याचे सूत्र त्याने दिले. विस्थापनाच्या वर्गाची सरासरी ही काळाच्या आणि निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असते. द्रवाची विष्यंदिता (म्हणजे रोजच्या भाषेत त्याचा दाटपणा) आणि कणाची त्रिज्या यांच्या व्यस्त प्रमाणात असते. सूत्रात एका बाजूला रेणूंची तडफड आहे, दुसऱ्या बाजूला द्रवाचा रोध आहे, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणून ॲव्होगॅड्रो अंक आहे. म्हणूनच सूक्ष्मदर्शक, घड्याळ आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने रेणू मोजता आले.

आधीच्या निरीक्षकांची फसगत का झाली, तेही यावरून कळते. ते कणाचा वेग मोजू पाहत होते. व्हिएन्नाच्या फेलिक्स एक्सनरने १९०० मध्ये असे मोजमाप केले आणि गतिज ऊर्जा अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. पेरँच्या कणावर हा सापळा तपासता येतो. ३० सेकंदांच्या टिंबांवरून वेग काढला तर तो सेकंदाला साधारण पाव मायक्रॉन येतो. १ सेकंदाच्या टिंबांवरून सव्वा मायक्रॉन येतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाने टिंबे घेतली तर बारा-तेरा मायक्रॉन! खरा वेग यापेक्षा कितीतरी जास्त, ४ मिलिमीटर. घड्याळ बदलले की वेग बदलतो, कारण आपण वाटेची लांबी मोजतच नसतो. आकृतीतल्या रेघेला 'मार्ग' म्हणणारा विद्यार्थी नकळत एक्सनरच्याच सापळ्यात सापडतो.

पुस्तकाचे गुण-दोष

पेरँचे पुस्तक शंभराहून अधिक वर्षांचे झाले, तरी शिक्षकाने ते चाळावे असे आहे. निरीक्षणावरून निष्कर्षापर्यंत कसे जावे, याचा तो वस्तुपाठ आहे. गॅम्बोज नावाचा पिवळा रंग आपल्याकडच्या कोकमाच्या जातभाई झाडांच्या चिकापासून बनतो. तसा एक किलो रंग घेऊन पेरँने तो अपकेंद्री यंत्रात पुन्हा पुन्हा फिरवला आणि अनेक महिन्यांच्या खटपटीनंतर सारख्या आकाराचे काही दशांश ग्रॅम कण मिळवले. ०.२१२ मायक्रॉन त्रिज्येचे कण पाण्यात वेगवेगळ्या उंचीवर किती आहेत, ते मोजले. ५, ३५, ६५ आणि ९५ मायक्रॉन उंचीवर त्यांचे प्रमाण १००, ४७, २३ आणि १२ असे भरले. म्हणजे दर ३० मायक्रॉन चढले की संख्या साधारण निम्मी! हवेच्या बाबतीत असेच निमपट होण्यासाठी पाच-साडेपाच किलोमीटर वर जावे लागते. वातावरणाची ही एवढीशी प्रतिकृती आणि आपले खरे वातावरण यांचा नियम एकच, ही कल्पना शिकवताना कोणाही शिक्षकाला आनंद व्हावा.

पेरँची दुसरी सवय म्हणजे स्वतःवरच शंका घेणे. एवढ्या लहान कणाला स्टोक्सचा रोधाचा नियम लागू पडतो का, हा प्रश्न त्याने गृहीत धरून सोडला नाही. कणांची त्रिज्या वेगवेगळ्या मार्गांनी मोजून नियम पडताळला. शेवटी वायूंची विष्यंदिता, आकाशाची निळाई, किरणोत्सर्ग, तप्त वस्तूंचे प्रारण अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटांनी काढलेले ॲव्होगॅड्रो अंक त्याने एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडले. सारे ६ ते ७.५ गुणिले १० चा २३ वा घात या टप्प्यात येतात. ज्या रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्डने वर्षानुवर्षे अणू नाकारले, त्याने १९०९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत ते मान्य केले, त्यामागे अशाच पुराव्यांचा रेटा होता.

दोषही सांगायला हवेत. कणांच्या प्रयोगांवरून आलेला पेरँचा अंक ६.८ च्या आसपासचा आहे, आजच्या ६.०२२ पेक्षा तो सुमारे १३ टक्क्यांनी जास्त आहे. रेणू आहेत की नाहीत या वादात एवढ्या फरकाने काही बिघडत नव्हते, पण 'पेरँने ॲव्होगॅड्रो अंक अचूक मोजला' असे जे लिहिले जाते ते खरे नाही. दुसरा दोष आकृतीचाच. मार्गाला दिशा नसते असे सांगणाऱ्या लेखकाने ठळक सरळ रेघांची आकृती छापावी, हे विसंगत आहे. नुसती टिंबे आणि त्यांना अनुक्रमांक दिले असते तर पुढचा बराच गोंधळ टळला असता. आकृती मजकुरापेक्षा दूरवर जाते, हे त्याच्या ध्यानात यायला हवे होते.

रेघ आणखी बारीक केली तर?

टिंबांमधला काळ कमी करत गेलो तर वाकडेपणा कधी संपतच नाही का? गणिती वक्राच्या बाबतीत संपत नाही, पण खऱ्या कणाच्या बाबतीत संपायला हवा. द्रव कणाला थोपवतो त्याहूनही कमी काळात पाहिले तर मार्ग गुळगुळीत दिसला पाहिजे. इतक्या अल्प काळातला वेग प्रत्यक्ष मोजणे अशक्य आहे, असे आइन्स्टाइनने १९०७ मध्ये लिहिले होते. मार्क रेझन आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लेसरच्या चिमट्यात काचेची सूक्ष्म गोळी हवेत धरून तो मोजला, आणि २०१४ मध्ये द्रवातही मोजला.

द्रवाची आणखी एक खोडी बर्नी ऑल्डर आणि थॉमस वेनराइट यांना १९७० मध्ये संगणकावर सापडली. कण पुढे सरकताना समोरच्या रेणूंना ढकलतो. ते बाजूने वळसा घालून मागे येतात आणि त्यालाच मागून हलकासा रेटा देतात. त्यामुळे कणाच्या पूर्वीच्या वेगाची आठवण द्रवात अपेक्षेपेक्षा बराच काळ रेंगाळते. म्हणजे धडका पूर्णपणे स्वतंत्र असतात हे गृहीतकही काटेकोरपणे खरे नाही. द्रव म्हणजे सुट्या गोळ्यांचा मारा नव्हे. त्यातले रेणू एकमेकांशी बांधलेले असतात आणि एकाची हालचाल दुसऱ्यापर्यंत पोचते. हे सारे नववीच्या मुलांना सांगायची गरज नाही. पण आज सांगितलेले वाक्य उद्या पुसावे लागू नये, एवढी काळजी तरी घेता येते.

वर्गात काय बदलावे?

पहिली गोष्ट, मथळा बदलावा. 'कणाचा मार्ग' ऐवजी 'दर ३० सेकंदांनी नोंदवलेली कणाची स्थाने' असे फळ्यावर लिहावे आणि रेघा फक्त क्रम दाखवण्यासाठी आहेत हे सांगावे.

दुसरी गोष्ट, रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकण नाचताना पाहिले, असे सांगू नये. त्याने पाहिले ते क्लार्किया या फुलाच्या परागकणांच्या आत असलेले, पाच-सहा मायक्रॉन आकाराचे सूक्ष्म कण. अख्खा परागकण त्याच्या वीसेक पट मोठा असतो, आणि ब्राउनियन गतीने तो मिनिटाभरात एक मायक्रॉनही हलत नाही. उन्हाच्या कवडशात तरंगणारी धूळही इथे उदाहरण म्हणून चालत नाही. ती हवेच्या प्रवाहांनी वाहत असते.

तिसरी गोष्ट, शाळेत चारशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक असेल तर पाण्यात भरपूर पातळ केलेल्या दुधाचा थेंब काचपट्टीवर घेऊन वर झाकणकाच ठेवावी. स्निग्धांशाचे बारीक गोल थरथरताना दिसतात. त्यांतले शेजारचे दोन निवडून पाहावेत. दोन्ही एकाच दिशेने चालले असतील तर तो पाण्याचा प्रवाह. दोघांची थरथर एकमेकांपासून स्वतंत्र असेल तर ती ब्राउनियन गती. ही कसोटी पेरँनेही वापरली होती.

चौथी गोष्ट, सूक्ष्मदर्शक नसेल तरी नाणे असतेच. चाळीस मुलांनी प्रत्येकी २५ वेळा नाणे उडवावे. छापा पडला तर एक पाऊल उजवीकडे, काटा पडला तर एक पाऊल डावीकडे, असा वहीत हिशेब ठेवावा. प्रत्येकाच्या अंतराचा वर्ग काढून वर्गाची सरासरी घ्यावी. ती २५ च्या जवळ येईल. मग १०० वेळा उडवून तेच करावे. सरासरी १०० च्या जवळ येईल. चौपट वेळ दिला, पण अंतर मात्र दुप्पटच झाले! आइन्स्टाइनच्या सूत्राचा गाभा मुलांच्या हाती येतो आणि नेगेलीला काय उत्तर द्यायचे, तेही कळते.

या दुरुस्त्यांना एक तासिका पुरते. अणू-रेणू कोणी पाहिलेले नसताना ते आहेत हे आपण कशावरून म्हणतो, हा विज्ञान शिकणाऱ्या मुलाने विचारावा असा सर्वांत रास्त प्रश्न आहे. त्याला उत्तर म्हणून आपण जर असे वाक्य देत असू की जे हिशेबाच्या पहिल्याच पायरीवर कोसळते, तर तो मुलगा अणूंवर विश्वास ठेवील तो आपल्या शब्दाखातर, पुराव्याखातर नव्हे. म्हणून परीक्षेत 'ब्राउनियन गती म्हणजे काय?' याऐवजी एकदा ही आकृती देऊन विचारावे, 'रेषेतील प्रत्येक कोपरा कशामुळे आला?' 'धडकेमुळे' असे लिहिणाऱ्याने पाठांतर केले आहे. 'घड्याळामुळे' असे लिहिणाऱ्याला पाठ समजला आहे.